देणगी, अट आणि विद्यापीठ

विद्यापीठाला पैसा कोठून मिळतो, हा प्रश्न सामान्यतः हिशेबनिसाचा समजला जातो. ज्ञानाच्या इतिहासांत त्याला जागा देण्याची आपल्याकडे चाल नाहीं. शोध लावणाऱ्याचें नांव आपण पाठ करितों. पण ज्या खोलींत तो शोध लागला तिचें भाडें कोणी भरलें, हें विचारणें आपणांस क्षुद्र वाटतें. तथापि कोणत्याहि सार्वजनिक विद्यापीठाचा इतिहास उलगडून पाहिला, तर त्याच्या मोठेपणाचे आणि हीनपणाचे पुष्कळसे प्रसंग ह्या क्षुद्र प्रश्नाभोंवतींच घडलेले दिसतात. विद्यापीठ कायद्यानें जन्मास येतें आणि फीवर कसेंबसें जगतें. त्याला संशोधन करावयाचें असलें, किंवा आपल्या भिंतींबाहेरच्या लोकांच्या उपयोगीं पडावयाचें असलें, म्हणजे बाहेरच्या पैशाकडे पाहावें लागतें. आणि बाहेरचा पैसा सहसा एकटा येत नाहीं. त्याच्या मागोमाग अट येते. ती अट कोणी घालावी, कोणती घालावी आणि विद्यापीठानें ती कोठवर मानावी, ह्याचा निर्णय कलकत्त्याच्या विद्यापीठाला मोठी किंमत देऊन करावा लागला. तें प्रकरण मराठी वाचकांस अगदींच परकें नाहीं. त्याच्या आरंभीं मुंबईचा पैसा आहे, आणि त्याचें एक फळ पुण्यांत आहे.

१८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं, तीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घेणें आणि पदव्या देणें एवढेंच त्यांचें काम होतें. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. आणि संशोधन हें कोणाचेंच काम नव्हतें. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या लाटेवर जे चढले त्यांत प्रेमचंद रायचंद हे अग्रगण्य. त्यांनीं मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचें नांव असावें अशी त्यांची इच्छा होती. १८७८ सालीं पुरा झालेला राजाबाई टॉवर तो हाच. परंतु ह्याच गृहस्थांनीं कलकत्ता विद्यापीठासहि दोन लाख रुपये दिले, ही गोष्ट मुंबईंत फारशी कोणाच्या लक्षांत नसते. कलकत्त्यानें त्या पैशाची इमारत बांधली नाहीं. १८६६ सालीं त्यांतून प्रेमचंद रायचंद यांच्या नांवाची एक शिष्यवृत्ति नेमली. प्रथम ती कठीण परीक्षा उतरणाऱ्यास मिळे. पुढें संशोधनाच्या कामास मिळूं लागली. एकाच माणसाचा पैसा मुंबईंत दगड झाला आणि कलकत्त्यांत विद्यार्थी झाला, असें म्हटलें तर तें थोडें अन्यायाचें होईल. कारण ग्रंथालय म्हणजे कांहीं नुसता दगड नव्हे. पण भेद ध्यानांत ठेवण्याजोगा खास आहे.

ही शिष्यवृत्ति १८८६ सालीं ज्या तरुणास मिळाली त्याचें नांव आशुतोष मुकर्जी. त्याची बुद्धि गणिताची. विद्यार्थिदशेंतच त्याचे गणितविषयक निबंध बाहेर प्रसिद्ध होऊं लागले होते, आणि जन्मभर गणितांत संशोधन करावें अशी त्याची हौस होती. परंतु विद्यापीठांत तसें पदच नव्हतें, आणि तें निर्माण करण्याइतका पैसा खटपट करूनहि उभा राहिला नाहीं. तेव्हां आशुतोष वकिलीकडे वळले. १९०४ सालीं ते कलकत्त्याच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि १९०६ सालीं विद्यापीठाचे कुलगुरु झाले. देशाला एक नामांकित न्यायाधीश मिळाला खरा. पण एक गणिती गमावला, आणि तो वर्षाकाठीं कांहीं हजार रुपयांच्या अभावीं गमावला. हें शल्य ज्याच्या मनांत आहे असाच मनुष्य विद्यापीठाच्या मुख्य आसनावर बसला, ही कलकत्त्याच्या भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः शिकविण्याची मुभा दिली होती. तो कायदा करणाऱ्या लॉर्ड कर्झनचा हेतु विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट करावी हा होता. त्याच कायद्याच्या एका कलमाचा आधार घेऊन आशुतोषांनीं परीक्षा घेणाऱ्या कचेरीचें शिकविणारें विद्यापीठ केलें.

मुभा मिळाली, तरी पैसा मिळाला नव्हता. तो प्रथम दिला तारकनाथ पालित ह्या बॅरिस्टरांनीं. वंगभंगाच्या चळवळींत स्वदेशी तंत्रशिक्षणासाठीं निघालेल्या बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे हे एक मोठे आश्रयदाते. १९१२ सालीं त्यांनीं आपला हात तिकडून काढला आणि जमीन, घरें व रोकड मिळून सुमारें पंधरा लाख रुपयांची मालमत्ता दोन दानपत्रांनीं कलकत्ता विद्यापीठाच्या स्वाधीन केली. राष्ट्रीय म्हणून काढलेल्या संस्थेचा आश्रय काढून तो सरकारी कायद्याखालच्या विद्यापीठास द्यावा, हें पुष्कळांना खटकण्याजोगें होतें. पण पालित हे वकील होते. आपल्या मनांतलें राष्ट्रीयत्व त्यांनीं दानपत्राच्या कलमांत घातलें. रसायन आणि पदार्थविज्ञान ह्या दोन विषयांचीं प्राध्यापकपदें त्यांनीं निर्माण केलीं, आणि अट अशी घातली कीं, ह्या पदांवर भारतीय मातापित्यांच्या पोटीं जन्मलेलाच मनुष्य नेमला जावा. दुसरी अट विद्यापीठासाठीं होती: प्रयोगशाळेकरितां विद्यापीठानें आपल्या पदरचे निदान अडीच लाख रुपये खर्च करावे.

पहिली अट आज वाचणारास संकुचित वाटेल. ज्ञानाला जात नाहीं, मग प्राध्यापकाला कां असावी? पण ती अट ज्या परिस्थितींत घातली गेली ती ध्यानीं घेतली पाहिजे. सरकारी शिक्षणखात्याच्या वरच्या श्रेणींत युरोपियनांचा भरणा असे. त्याच योग्यतेचा भारतीय मनुष्य खालच्या श्रेणींत किंवा कमी पगारावर ठेवला जाई. जगदीशचंद्र बोस १८८५ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत नेमले गेले तेव्हां हा पंक्तिप्रपंच त्यांस इतका असह्य वाटला कीं तीन वर्षें त्यांनीं पगारच घेतला नाहीं. प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें प्रांतिक श्रेणींत राहिला. दार जेथें एका बाजूनें बंद केलेलें असतें, तेथें दुसऱ्या बाजूनें एक खिडकी राखून ठेवणें ह्याला पक्षपात म्हणणें कठीण आहे. पालितांची अट दार बंद करणारी दिसते, पण तिनें प्रत्यक्षांत दार उघडलें.

पालितांच्या मागोमाग रासबिहारी घोष आले. ह्यांचें नांव महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासांत वेगळ्या संदर्भानें येतें. १९०७ सालीं सुरतेच्या काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष हेच. त्यांच्या निवडणुकीविषयीं बोलण्यास लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढले आणि पुढें तें अधिवेशनच मोडलें. नेमस्त म्हणून ज्यांची आपल्याकडे थट्टा झाली, त्या घोषांनीं १९१३ सालीं विद्यापीठास दहा लाख रुपये दिले. त्यांतून उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र अशीं चार प्राध्यापकपदें व संशोधक विद्यार्थ्यांसाठीं आठ वृत्ति निर्माण झाल्या. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास शेतीच्या दृष्टीनें व्हावा असें त्यांनीं मुद्दाम सुचविलें, आणि पदें भारतीयांसच मिळावींत ही अट त्यांनींहि घातली. १९१९ सालीं त्यांनीं शास्त्राच्या व्यावहारिक उपयोगाच्या शिक्षणासाठीं आणखी अकरा लाखांवर रक्कम दिली. पुढें लवकरच खैरा संस्थानाच्या देणगींतून आणखी पांच प्राध्यापकपदें निघालीं.

हा पैसा मूळचा कोणाचा, हेंहि एकदां विचारावें. पालित आणि घोष यांनीं तो वकिलींत मिळविला. बंगालच्या हायकोर्टांतील मोठाले दावे जमीनदारांचे. आणि जमीनदाराची फी शेवटीं रयतेच्या सारांतून येई. भाताच्या शेतांतून निघालेला रुपया कचेरींतून आणि कोर्टांतून फिरत फिरत प्रयोगशाळेंत आला. दानपत्रावर नांव वकिलाचें लागलें हें योग्यच; पण ऋणकोंच्या यादींत विद्यापीठानें त्या शेतकऱ्याचेंहि नांव मनांतल्या मनांत लिहून ठेवावयास हवें होतें. तें त्यानें लिहिलें होतें कीं नाहीं, ह्याची परीक्षा पुढें लवकरच झाली.

२७ मार्च १९१४ रोजीं आशुतोषांनीं अप्पर सर्क्युलर रोडवर विज्ञान कॉलेजाची कोनशिला बसविली. पदांवर माणसें नेमतांना त्यांनीं प्रांताकडे पाहिलें नाहीं. रसायनाचे पालित प्राध्यापक म्हणून प्रफुल्लचंद्र राय प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून १९१६ मध्यें आले. वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदावर मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर नेमले गेले. हे त्यापूर्वीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत होते, आणि सह्याद्रींतल्या एका ओढ्यांत गोड्या पाण्यांतील जेलीफिश शोधून काढल्यामुळें विद्वानांत त्यांचें नांव झालें होतें. पुढील अभ्यासासाठीं ते जर्मनीस गेले आणि तेथें महायुद्धांत अडकले. कांहीं काळ नजरकैदहि त्यांच्या वांट्यास आली. तशांतहि त्यांनीं बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळविली आणि मगच ते परतले. देणगीच्या पदांवर नव्हे, पण त्याच उदार धोरणानें, डॉ. भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९१७ सालीं प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक झाले, आणि १९३६ पर्यंत त्या पदावर राहिले.

पदार्थविज्ञानाच्या पालित प्राध्यापकाची गोष्ट ह्या प्रकरणांत विशेष बोधप्रद आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन हे हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्च खात्यांत मोठ्या हुद्द्यावर होते. कचेरीपूर्वीं आणि कचेरीनंतर ते बहुबाजार रस्त्यावरील विज्ञानसंवर्धक मंडळींच्या प्रयोगशाळेंत जाऊन प्रयोग करीत. ती संस्थाहि डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं लोकांच्या वर्गणीनें काढलेली. आशुतोषांनीं रामन यांस बोलावलें. पगार कमी होणार होता, तरी ते तयार झाले. पण प्राध्यापकानें परदेशीं जाऊन अभ्यास करून यावें अशी एक अट आडवी आली, आणि ती रामन यांनीं साफ नाकारली. शिकावयाचें तें आपण येथेंच शिकलों आहों, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां आशुतोषांनीं अट मोडून घेतली, पण माणूस सोडला नाहीं. १९१७ मध्यें रामन प्राध्यापक झाले. पालितांनीं भारतीय मनुष्य मागितला होता तो भारतीयांच्या बुद्धीला वाव मिळावा म्हणून. त्याच मनुष्यास परदेशचा शिक्का सक्तीचा करणें म्हणजे दात्याचें अक्षर राखून त्याचा हेतु बुडविणें झालें असतें. अट कोठवर मानावी, ह्या प्रश्नाचें एक उत्तर येथें मिळतें: अट ही हेतूची चाकर आहे, मालकीण नव्हे.

ह्या प्राध्यापकांच्या हाताखालीं नुकतेच एम्. एस्सी. झालेले तरुण अध्यापक म्हणून आले. त्यांत मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे होते. युद्धामुळें परदेशची यंत्रें येत नव्हतीं, नवीं पुस्तकें मिळत नव्हतीं. तशा स्थितींत ह्या दोघांनीं जर्मन भाषेचा अभ्यास करून आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि १९२० सालीं कलकत्ता विद्यापीठानें तें छापलें. त्याच सुमारास तारकांच्या वातावरणांतील वायूंचें आयनीभवन कसें होतें, ह्याविषयींचें साहा यांचें प्रसिद्ध समीकरण जगापुढें आलें.

येथवर ही कथा यशाचीच वाटते. पण तिच्या पोटांत एक दुखणें होतें. दाते प्राध्यापकपदें देतात, कारण पदाला नांव लावतां येतें. शिष्यवृत्तीला नांव लावतां येतें, इमारतीला तर लावतां येतेंच. परंतु प्रयोगशाळेंतला गॅस, फुटलेली कांच, सहाय्यकाचा पगार, ग्रंथालयाचा झाडूवाला, आणि ज्यांना कोणाच्याहि नांवाचें पद नाहीं अशा शेंकडों अध्यापकांचें वेतन, ह्यांना नांव लावून घेण्यास कोणी पुढें येत नाहीं. मोठ्या देणगीनें विद्यापीठाचा हा नित्याचा खर्च कमी न होतां वाढतो. पालितांनीं पंधरा लाख दिले, तेव्हांच विद्यापीठाच्या तिजोरींतून अडीच लाख जाण्याचें ठरलें. पुढें प्रत्येक नव्या पदाबरोबर वर्ग वाढले, वर्गांबरोबर अध्यापक वाढले. हा सर्व भार परीक्षेच्या फीवर पडला. विज्ञान कॉलेजास भरघोस मदत द्यावी म्हणून विद्यापीठानें सरकारकडे वारंवार मागणी केली. ती मिळाली नाहीं. मग १९२१ सालीं असहकारितेच्या चळवळीनें विद्यार्थी कॉलेजांतून बाहेर पडले आणि फीचें उत्पन्नहि खालावलें. १९२२ सालीं कलकत्ता विद्यापीठाची स्थिति अशी होती कीं, जगाच्या नियतकालिकांत त्याच्या संशोधकांचीं नांवें झळकत होतीं आणि त्याच्या अध्यापकांचे पगार महिनोन् महिने थकले होते.

ह्या वेळीं बंगाल सरकार अडीच लाख रुपये देण्यास तयार झालें. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण हें खातें लोकनियुक्त मंत्र्याकडे आलें होतें. म्हणजे देणारा हात आतां इंग्रजाचा नव्हता. पण हातांत अटींची यादी होती. तूट भरून निघेपर्यंत सरकारच्या पूर्वसंमतीवांचून खर्चाचें नवें काम काढूं नये, जमाखर्चाचे तक्ते महिन्याच्या महिन्याला सरकारास सादर करावे, सरकारी हिशेबतपासनिसानें केलेल्या सूचना अंमलांत आणाव्या, अशा धर्तीच्या त्या अटी होत्या. डिसेंबर १९२२ मध्यें सेनेटपुढें हा प्रश्न आला. आशुतोष त्या वेळीं पुन्हां कुलगुरु होते. आम्ही हा पैसा घेणार नाहीं, खर्च कमी करूं, उपाशी राहूं, बंगालभर दारोदार फिरूं, असें त्यांनीं सांगितलें. आणि आपल्याला प्रथम स्वातंत्र्य हवें, दुसऱ्यानेंहि स्वातंत्र्यच हवें, आणि सदासर्वदा स्वातंत्र्यच हवें, अशा अर्थाचे त्यांचे शेवटचे शब्द देशभर गाजले. सेनेटनें अटी फेटाळल्या. पुढल्या मार्चमध्यें गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनीं कुलगुरुपद पुढें चालविण्याविषयीं त्यांस विचारलें, पण सरकारशीं विरोध न करण्याचें बंधन सुचवून. आशुतोषांनीं जळजळीत पत्र लिहून तें पद नाकारलें.

ह्या वादांत दुसरी बाजू अगदींच पोकळ होती असें मात्र नाहीं. सार्वजनिक पैसा घेणारानें हिशेब द्यावा, हें म्हणणें न्याय्यच आहे. पैसा हातीं नसतां वर्ग वाढवीत जाणें हा अविचार, असें टीकाकार म्हणत. आणि त्या टीकाकारांत यदुनाथ सरकार होते. शिवाजीच्या चरित्रामुळें आणि रियासतकार सरदेसाई यांच्या स्नेहामुळें यदुनाथ हे महाराष्ट्राला घरचे वाटत. संशोधनाच्या नांवाखालीं पदव्या स्वस्त होत आहेत, कस उतरत आहे, अशी त्यांची कठोर तक्रार होती, आणि ती त्यांनीं छापून केली. प्रमाणावांचून एक ओळ न लिहिणाऱ्या पंडिताची ही तक्रार द्वेषमूलक म्हणून उडवून देतां येत नाहीं. १९२६ सालीं तेच कुलगुरु झाले, तेव्हां शिस्तीचा प्रश्न आंतूनच सोडवावा लागतो हें त्यांसहि दिसलें असेल.

मग सरकारच्या अटी नाकारण्यांत आशुतोषांची चूक झाली काय? आमच्या मतें नाहीं. कारण पालितांची अट आणि सरकारची अट ह्या एका जातीच्या नव्हत. पालितांनीं आपली इच्छा एकदां लिहिली, तिच्याखालीं सही केली आणि १९१४ सालीं ते वारले. त्यांच्या कागदाचा अर्थ विद्यापीठानें लावावयाचा होता, आणि रामन यांच्या प्रसंगीं दिसलें त्याप्रमाणें हेतु जाणून तशा कलमांत फेरफार करणेंहि शक्य होतें. सरकारची अट दर महिन्याला नवी होणार होती. आज जमाखर्च मागणारा उद्यां विषय विचारतो, परवां माणूस विचारतो. खर्च कसा झाला हें विचारणें म्हणजे हिशेब. खर्च करूं कीं नको हें विचारावयास लावणें म्हणजे परवानगी. हिशेब देण्यानें विद्यापीठाची अब्रू वाढते, पण परवानगी मागण्याची संवय लागली म्हणजे त्याचा कणा वांकतो. आशुतोषांनीं दोहोंतला भेद ओळखला. त्याची किंमत मात्र त्यांच्यापेक्षां अधिक त्या नांव नसलेल्या अध्यापकांनीं दिली, ज्यांच्या चुली त्या हिंवाळ्यांत उसनवारीवर पेटल्या. स्वातंत्र्याचीं भाषणें इतिहासांत राहतात, पण वाण्याची उधारी राहत नाहीं. म्हणून येथें तिची नोंद करणें अवश्य वाटलें.

आतां त्या शेतकऱ्याच्या ऋणाकडे वळूं. १९२१ सालीं खुलना जिल्ह्यांत दुष्काळ पडला, आणि १९२२ च्या सप्टेंबरांत उत्तर बंगालांत राजशाही-बोगरा भागांत प्रचंड पूर आला. दोन्ही वेळां मदतीच्या कामाचे प्रमुख प्रफुल्लचंद्र राय हे होते. पुराच्या वेळीं स्थापन झालेल्या मदतमंडळाची कचेरी विज्ञान कॉलेजांतच थाटली गेली. ज्या इमारतींत पारदाच्या संयुगांचा अभ्यास चाले, तेथें तांदळाचीं पोतीं आणि जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले. विद्यार्थी गठ्ठे बांधूं लागले, पावत्या लिहूं लागले. साहांसारखे प्राध्यापकहि त्या कामांत होते. सेनेटमध्यें अडीच लाखांच्या अटींवर वाद चालला होता तो ह्याच हिंवाळ्यांत. ज्यांचे स्वतःचे पगार थकले होते, त्यांच्याच कॉलेजांत पूरग्रस्तांसाठीं देशभरांतून वर्गणी गोळा होत होती. आणि लोक ती विश्वासानें पाठवीत होते, कारण तिचा हिशेब ठेवणारा मनुष्य कोण आहे हें त्यांस ठाऊक होतें. राय यांनीं साठावें वर्ष पुरें होतांच, १९२१ सालीं, त्यापुढें मिळणारा आपला सगळा पगार रसायनाच्या संशोधनासाठीं विद्यापीठास देऊन टाकला होता. कॉलेजांतल्याच एका खोलींत ते राहत, आणि १९४४ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. देणगीवर नेमलेला प्राध्यापक स्वतःच देणगीदार झाला, ह्याहून दानपत्राचें सार्थक तें काय व्हावयाचें?

त्या पुराचा एक शास्त्रीय परिणामहि झाला. पाणी इतके दिवस कां तुंबलें? रेल्वेच्या उंच बांधांना पुरेशा मोऱ्या नाहींत म्हणून, असें राय व त्यांचे सहकारी म्हणत. सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं पाणी अडवून धरणारे मोठाले तलाव सुचविले. तेव्हां विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील अध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे हा प्रश्न गेला. त्यांनीं १८७० पासून १९२२ पर्यंतच्या पावसाचे व पुरांचे आंकडे तपासून १९२७ सालीं अहवाल दिला: असे तलाव निरुपयोगी आहेत, पाण्याचा निचरा लवकर होईल अशी योजना पाहिजे. खर्चिक चूक टळली. लोकसेवा आणि संशोधन हीं दोन वेगळीं खातीं आहेत असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण पाहावें. तांदूळ वांटतांना पडलेल्या प्रश्नाचें उत्तर गणितानें दिलें.

आशुतोष २५ मे १९२४ रोजीं पाटण्यास अकस्मात् वारले. पुढें सरकारी अनुदान आलें, विद्यापीठ सांवरलें. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं रामन यांना प्रकाशाच्या विकिरणासंबंधींचा तो परिणाम दिसला, जो आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो, आणि १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शोध लागला तो बहुबाजारांतील वर्गणीच्या प्रयोगशाळेंत. करणाऱ्याचें पोट चाललें होतें पालितांच्या दानावर. आघारकर कलकत्त्याहून १९४६ सालीं निवृत्त झाले, आणि पुण्यांत त्याच वर्षीं निघालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक झाले. नांव आणि नमुना दोन्ही महेंद्रलाल सरकारांच्या कलकत्त्यांतील संस्थेचे. १९९२ सालीं त्या संस्थेस आघारकरांचेंच नांव दिलें गेलें. मुंबईच्या कापसाचा पैसा कलकत्त्यास गेला होता; ऐंशी वर्षांनीं कलकत्त्याचा अनुभव पुण्यास आला. व्याज चांगलें मिळालें म्हणावयाचें.

आज विद्यापीठांतलें संशोधन पुष्कळ अंशीं प्रकल्पांवर चालतें. प्रकल्पाला मुदत असते, आणि मुदत संपतांच त्यावरचे तरुण मोकळे होतात. २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालें, तेव्हां पांच वर्षांत ५०,००० कोटि रुपयांचा अंदाज सांगण्यांत आला. त्यांतले सुमारें ३६,००० कोटि उद्योग, दाते व इतर सरकारबाहेरच्या मार्गांनीं यावे अशी अपेक्षा होती. म्हणजे पालित आणि घोष यांच्यासारख्यांना पुन्हां हांक आहे. ती कोणी ऐकली तर आनंदच. पण त्या वेळीं विद्यापीठांनीं देणगीचा आंकडा वाचण्यापूर्वीं दानपत्र वाचावें. दात्याची अट विद्वानाला दार उघडते कीं त्याला दर महिन्याला दारांत उभें करते, हें पाहावें. आणि देणाऱ्यांनींहि आपल्या नांवाच्या पाटीबरोबर गॅस, कांच आणि सहाय्यकाचा पगार ह्यांची थोडी तरतूद करावी. तिच्यावर नांव कोरतां येणार नाहीं. पण १९२२ च्या हिंवाळ्यांत ती असती, तर कलकत्त्याच्या कित्येक अध्यापकांच्या मुलांना स्वातंत्र्याचा अर्थ उपवासानें शिकावा लागला नसता.